पुलाला कोटी, खलाशाला उपदेश

अटल सेतू सुरू झाल्यापासून एक युक्तिवाद सारखा कानावर येतो. पेपरात येतो, टीव्हीवरच्या चर्चेत येतो, शिवडी स्टेशनच्या जिन्यावर गाडीची वाट बघणाऱ्यांच्या गप्पांतही येतो. युक्तिवाद असा : समुद्रावर पूल झाला, पुढे आणखी होतील. लाँच, फेरीबोट हा जाणारा धंदा. त्यातल्या सारंग-खलाशांच्या नोकऱ्या टिकवायला सरकारने पैसे का घालावेत? प्रवासी असतील तर मालक बोट चालवील, त्याला परवडलं तर माणसं ठेवील, नाही परवडलं तर माणसं दुसरं काम शोधतील. आणि मग शेवटचा घाव : ट्राम गेली तेव्हा कोणी रडत बसलं होतं का?

ट्रामपासूनच सुरुवात करू, उदाहरण त्यांनीच दिलं आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम चालवत होती बेस्ट, आणि बेस्टच्या बसगाड्या तेव्हा रस्त्यावर होत्याच. ट्राममधला कंडक्टर महापालिकेच्या उपक्रमाचा नोकर होता. वाहन बदललं, धनी तोच राहिला. तेव्हा ज्यांना ट्रामचा दाखला देऊन खलाशाची बोळवण करायची आहे त्यांनी आधी त्याला ट्रामच्या कंडक्टरसारखी नोकरी द्यावी, मग खुशाल पूल बांधावेत.

मूळ युक्तिवाद एवढ्यावर निकालात निघत नाही, हे कबूल. दिसायला तो सरळ आहे : ज्याला गिऱ्हाईक आहे ते टिकेल, ज्याला नाही ते जाईल. अडचण अशी की ज्या पुलाचा दाखला देऊन हा नियम सांगितला जातो तो पूलच या नियमाने उभा राहिलेला नाही. शिवडीहून न्हावा-शेवाकडे जाणारा हा सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यातले साधारण साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. खर्च १७,८४० कोटींच्या वर. पैशाचा मोठा वाटा जपानच्या ‘जायका’च्या सवलतीच्या कर्जातून आला आणि ते कर्ज सार्वजनिक पैशातूनच फिटणार. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं त्याच्या आठवडाभर आधी राज्य मंत्रिमंडळाने मोटारीचा टोल ठरवला २५० रुपये, ५०० ची चर्चा चालू असताना. पहिल्या वर्षात दिवसाला सरासरी तेवीस हजारांच्या आसपास गाड्या गेल्या. आधी मांडलेले अंदाज याच्या दुपटीहून जास्त होते. २०२५ च्या ऑगस्टपासून विजेवर चालणाऱ्या मोटारींना इथे टोल माफ झाला. आता मला सांगा, या पुलाबद्दल कोणी म्हणालं का, की गिऱ्हाईक कमी येतंय, सोडा बाजारावर? कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पूल हवाच होता. पण मग मोटारवाल्याला दिलेली सवलत म्हणजे दूरदृष्टी आणि खलाशाला द्यायची मदत म्हणजे उधळपट्टी, हा न्याय कुठला? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

शिवडीत राहणाऱ्याला या पुलाचं आणखी एक अंग रोज दिसतं. बंदरावर गेलं की डोक्यावरून रॅम्प जातात. खाली ओहोटीचा चिखल, दुरुस्तीला काढलेली गलबतं, थंडीत फ्लेमिंगो आणि त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन आलेली मंडळी. पुलावर पायी जाता येत नाही, ते एक वेळ ठीक. पण दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. शिवडी, काळाचौकी, लालबागच्या चाळींखाली रात्री काय उभं असतं ते बघा : मोटारसायकली आणि स्कूटर. त्यांच्या मालकांना अलिबागला जायचं तर एक तर वाशीवरून पनवेलचा वळसा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मांडव्याची रो-रो. म्हणजे पूल ज्यांच्या दारातून निघतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना समुद्र ओलांडायला बोटच लागते. उरणची गोष्ट थोडी वेगळी, हेही सांगायला हवं. सेतूच्याच उद्घाटनाच्या दिवशी खारकोपर-उरण रेल्वे सुरू झाली आणि मोऱ्याच्या लाँचचे प्रवासी तिकडे वळले. तरी लाँच चालू आहे, कारण मोरा बंदराच्या आसपास राहणाऱ्या आणि माझगाव, मशीद बंदर, क्रॉफर्ड मार्केटकडे काम असणाऱ्या माणसाला अजूनही तोच जवळचा रस्ता आहे.

भाऊचा धक्का पाहिला नाही असा जुना मुंबईकर सापडायचा नाही. पण तिथे लाँच लागते कशी, हे फार थोड्यांनी थांबून बघितलेलं असतं. ओहोटीची वेळ धरा. पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडलेल्या, खालच्या सगळ्या शेवाळलेल्या. धक्क्याला दोन लाँच आधीच एकमेकींना खेटून बांधलेल्या, आपली तिसरी. सारंग वर चाकावर, त्याला इंजिन दिसत नाही. ड्रायव्हर खाली इंजिनापाशी, त्याला धक्का दिसत नाही. जुन्या लाँचवर या दोघांमध्ये असते एक दोरी आणि तिच्या टोकाला घंटा. गोष्टीतल्या आंधळ्या-पांगळ्यासारखी ही जोडी, टण-टण आवाजावर पन्नास-साठ टनांचं धूड इंचाइंचाने आत घेते. खलाशी नाळेवर उभा, हातात दोर, डोळा मधल्या टायरांवर. लाटेने लाँच वर उचलली की एका पावलात तो पलीकडच्या लाँचवर जातो, दोराचे दोन वेढे टाकतो, आणि मग त्याचं दुसरं काम सुरू होतं. हात देण्याचं. डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली, काखेत मूल असलेली बाई, गुडघे गेलेले आजोबा. लाट खाली असेल तर प्रत्येकाला थांबवायचं, वर आली की ओढायचं. ‘थांबा आजी... आता!’ पाव सेकंद चुकला तर माणसाचा पाय दोन लाकडांच्या मध्ये. पलीकडे मोऱ्याला गाळ इतका की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्यापर्यंत पोचेलच असं नाही. कुठल्या वेळी कुठे किती पाणी, हा नकाशा सारंगाच्या डोक्यात.

आता जरा रस्त्यावर येऊ. एसटीच्या ड्रायव्हरचा पगार निव्वळ तिकिटाच्या पैशातून निघत नाही, सरकार वेळोवेळी महामंडळाला हात देतं, आणि त्याबद्दल कोणी शहाणा माणूस तक्रार करत नाही. ७५ वर्षांवरच्यांना एसटीत तिकीट नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. ही तूट सरकार भरून देतं. अलिबागची बाई एसटीने पनवेलला आली तर तिला अर्धं तिकीट. तीच बाई रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला आली तर पूर्ण तिकीट. पावसाळ्यात मोऱ्याच्या मार्गावर तर तिकीट उलट वाढतं. डांबरावरून जाणाऱ्यांची काळजी सरकारने घ्यायची आणि पाण्यावरून जाणाऱ्यांची मालकाने, असं कुणी कधी ठरवलं? कुणीच ठरवलेलं नाही. ते तसंच पडून राहिलं आहे, आणि पडून राहिलेल्या गोष्टीला लोक आता अर्थशास्त्राचा नियम म्हणू लागले आहेत.

वेगळं करता येतं की नाही, ते बघायला फार लांब जायला नको. सावंतवाडी सोडली की गोवा. तिथे सरकारचं नदी परिवहन खातं आहे. रायबंदरहून चोडण, जुन्या गोव्याहून दिवाडी, अशा फेरीबोटी सरकार चालवतं, बोटीवरचा माणूस सरकारी नोकर, आणि पायी प्रवाशाकडून पैसे घेत नाहीत. २०२३ च्या अखेरीस दुचाकीला शुल्क लावायचं घाटत होतं. बेटांवरच्या लोकांनी असा आवाज उठवला की ते बासनात गुंडाळावं लागलं. या खात्याचं कौतुक करताना डोळे मिटून घ्यायचं कारण नाही. बोटी जुन्या आहेत, अधूनमधून बंद पडतात, नोकरभरतीत वशिला चालतो असं गोंयकारच सांगतात. पण उद्या चोडणला पूल झाला तर फेरीवरच्या माणसाची बदली होईल, पगार थांबणार नाही. आपल्याकडे त्याच पाण्यावर तेच काम करणाऱ्याला पूल झाल्यावर काय मिळतं? ‘दुसरं काही बघा’ असा सल्ला.

केरळचं उदाहरण मला अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण ते एका ठरावीक आक्षेपाला उत्तर देतं. आक्षेप असा की नोकरीची शाश्वती दिली की माणूस सुस्तावतो, नवं काही येत नाही. केरळात १९६८ पासून राज्य जलवाहतूक खातं आहे. बोट मास्टर, सरांग, ड्रायव्हर, लस्कर ही तिथे सरकारी पदं आहेत. आणि सौरऊर्जेवर चालणारी ‘आदित्य’ फेरीबोट २०१७ मध्ये वैकमच्या मार्गावर आणली ती याच, कायम नोकरीवाल्यांच्या खात्याने. बाजाराच्या रेट्याने आपल्याकडे तशी बोट आधी यायला हवी होती. आली नाही. आता महाराष्ट्र सरकारने मुंबईच्या वॉटर मेट्रोचा आराखडा करायचं काम कोची मेट्रोवाल्यांकडे दिलं आहे. छान आहे. बोटी, धक्के, तिकिटाची यंत्रं सगळं केरळातून शिकू. फक्त बोटीवरच्या माणसाला कसं वागवायचं तेवढं शिकायचं राहून जाऊ नये.

आणि हो, वॉटर मेट्रो येणार असेल, रो-रो वाढणार असतील, २०२५ च्या गणपतीच्या तोंडावर चाकरमान्यांना भाऊच्या धक्क्यावरून जयगड-विजयदुर्गच्या बोटीची घोषणा ऐकवली असेल, तर हा धंदा जाणारा कसा? सरकारच सांगतंय की येणारा आहे. दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता येणार नाहीत. जलवाहतूक हे भविष्य आणि खलाशी मात्र भूतकाळ, असं ज्यांच्या मनात आहे त्यांना बोटी हव्या आहेत आणि त्यावरची माणसं स्वस्तात हवी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

असं झाल्यावर काय होतं त्याचा धडा इंग्लंडच्या खाडीत ताजा आहे. १७ मार्च २०२२ ला पी अँड ओ फेरीज कंपनीने जवळपास ८०० खलाशांना आधी ध्वनिमुद्रित केलेला व्हिडिओ दाखवून कामावरून काढलं. त्यांच्या जागी एजन्सीची माणसं आणली. कंपनीच्या प्रमुखाने ब्रिटिश खासदारांसमोर सरळ मान्य केलं की कामगार संघटनांशी आधी बोलायचं कायद्याचं बंधन आम्ही जाणूनबुजून मोडलं. नव्या माणसांना सरासरी तासाला साडेपाच पौंड. जमिनीवरचं किमान वेतन तेव्हा ८.९१ पौंड होतं. धंदा कुठे गेला? कुठेच नाही. डोव्हर-कॅले बोटी आजही चालतात. गेल्या त्या नोकऱ्या. आणि मग सरकारला जाग आली. तेही कामगारांचं नव्हे, हुजूर पक्षाचं सरकार. त्याने २०२३ मध्ये खलाशांच्या वेतनाचा कायदा केला, फ्रान्सनेही त्याच वर्षी तसा कायदा केला. पी अँड ओ फेरीजची मालक आहे दुबईची डीपी वर्ल्ड, जी न्हावा-शेवाला कंटेनर टर्मिनल चालवते. हवा स्वच्छ असली की शिवडी बंदरावरून न्हावा-शेवाच्या क्रेन दिसतात. इंग्लंडची गोष्ट आहे, आपल्याला काय, असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

काही जण नोकरीचा प्रश्न आणि सुरक्षेचा प्रश्न वेगळे ठेवतात. ‘सुरक्षेवर हवा तेवढा खर्च करा, नोकऱ्यांवर नको.’ १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या आणि गिरणगावातल्या घरांत त्या दिवसाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ला इंजिनाची चाचणी चाललेल्या नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, १५ जणांचा जीव गेला. धडक लाँचच्या चुकीने झाली नव्हती, हे स्पष्ट आहे. पण परवाना ८४ प्रवाशांचा आणि वर शंभराहून जास्त माणसं, हेही त्यातून बाहेर आलं. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. चांगलं झालं. आता हे सांगा, कुठल्याही लाँचवर पंच्याऐंशीवा माणूस पाय टाकतो तेव्हा त्याला आडवा हात कोण घालणार? धक्क्यावरचा अधिकारी प्रत्येक फेरीला नसतो. सारंग आणि खलाशी असतात. ज्याची नेमणूक हंगामापुरती आहे, जून आला की ज्याला घरी पाठवतात, आपल्या जागी उद्या दुसरा उभा राहील हे ज्याला ठाऊक आहे, त्याने गर्दीच्या रविवारी मालकाचं गिऱ्हाईक परत पाठवावं अशी आपली अपेक्षा आहे. जॅकेट बाजारात मिळतं. ‘नाही’ म्हणायची हिंमत असलेला सारंग मिळवायचा तर त्याची नोकरी पक्की करावी लागते. तेव्हा नोकरीवरचा खर्च हा सुरक्षेवरचाच खर्च आहे.

पावसाळ्याचा प्रश्न यातच येतो. गेटवे-मांडवा वाहतूक मे संपता संपता थांबते ती ऑगस्टअखेरपर्यंत. बोटी ओढून ठेवतात, रंगरंगोटी, कलफाटी होते, थोडी माणसं त्यावर राहतात, बाकीची गावी जातात. एका कोळ्याच्या घरातले दोन भाऊ डोळ्यांसमोर आणा. एक होडीवर मासेमारी करतो, दुसरा लाँचवर खलाशी. जूनमध्ये समुद्र दोघांनाही बंद. पहिल्याला, तो दारिद्र्यातला पारंपरिक मच्छीमार असेल तर, केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी सरकारचे ३,००० आणि स्वतःचे भरलेले १,५०० असे ४,५०० रुपये मिळू शकतात. रक्कम तोंडाला पानं पुसण्यासारखी आहे, वाद नाही. पण समुद्र बंद असताना घर चालायला हवं, हे तत्त्व सरकारने मान्य केलं आहे. अटल सेतूच्या कामाने ज्यांची मासेमारी बुडाली त्यांना एमएमआरडीएने भरपाई दिली, तीही बऱ्याच पाठपुराव्यानंतर. तत्त्व तिथेही मान्य. दुसऱ्या भावाला मात्र तो मच्छीमार नाही म्हणून ही दारं बंद. आणि तो व्यापारी जहाजावरचा खलाशीही नाही. जगभरच्या जहाजांवरच्या माणसांत दहातला एक तरी भारतीय, याचा अभिमान दर ५ एप्रिलला सागरी दिनाच्या भाषणांत ऐकू येतो. त्या खलाशांसाठी १९६६ च्या कायद्याचा वेगळा भविष्यनिर्वाह निधी आहे, कंपन्या आणि संघटना यांच्यात ठरलेले वेतनाचे करार आहेत. बंदरातली लाँच अंतर्देशीय जहाजांच्या कायद्याखाली मेरीटाइम बोर्डाकडे नोंदलेली. तिच्यावरचा माणूस रोज खाऱ्या पाण्यात भिजतो, पण या चौकटीत बसत नाही.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मला निदान अर्धा मान्य आहे. ते म्हणतात, मदत द्याल ती मालकाच्या खिशात जाईल. जाईलच. महाराष्ट्राला हे बाहेरून कोणी शिकवायला नको; कामगाराच्या नावाने आलेला पैसा कुठे मुरतो हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून डिझेलवर सरसकट सूट, बोटीमागे सरसकट अनुदान, असल्या मागण्यांच्या मी विरोधात आहे. मदत माणसाला बांधलेली हवी. जे मार्ग लोकांच्या गरजेचे आहेत पण तिकिटावर भागत नाहीत त्यांची तूट सरकारने निविदा काढून भरावी आणि निविदेतच लिहावं : बोटीवर माणसं किती, त्यांचं वेतन काय, निधी कुठे भरला, आणि पगार बारा महिन्यांचा. हे पाळलं नाही तर पैसे नाहीत. नॉर्वेत खाडीवरच्या फेऱ्या रस्त्याचाच भाग समजून सरकार अशाच करारांनी चालवून घेतं. आपण काय केलं? बेलापूरला जेट्टी बांधली, १७ फेब्रुवारी २०२२ ला थाटात वॉटर टॅक्सीचं उद्घाटन केलं, चालवणं परवडतं का ते मालकावर सोडलं. प्रवासी मिळेनात, सेवा थंडावली. जेट्टी जागेवर आहे. सिमेंटवर आपला जीव फार. शिवडीहून घारापुरीला समुद्रावरून आठ किलोमीटरचा रोपवे नेण्याचीही मध्यंतरी घोषणा झाली होती. पाळणे कुठे अडकले कोण जाणे.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत याच माणसांना भत्ता देऊन शिकवता येईल. आग विझवणं, बुडालेल्याला शुद्धीवर आणणं, रडार वाचणं, आणि खलाशाचा सारंग, सारंगाचा मास्टर होण्याच्या परीक्षांची तयारी. उद्या विजेच्या बोटी येणार म्हणतात. त्यावर डिझेल इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा ड्रायव्हर आपोआप तयार होणार नाही. पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचं उत्तर सरकारच्याच कायद्यात आहे. जहाज कंपन्यांना २००४ पासून टनेज टॅक्सची सवलत मिळते आणि तिच्यासोबत शिकाऊ अधिकारी तयार करण्याची अट आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत अंतर्देशीय जहाजांनाही देऊ केली. सवलत घ्या, पण माणसं शिकवा, ही अट लाँच-मालकालाही लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं, तेव्हा समर्थनार्थ सांगितलं ते हेच, की त्यातून सुमारे ३० लाख रोजगार होतील. बोट बांधणाऱ्याची नोकरी सरकारी पैशाला पात्र असेल तर बोट चालवणाऱ्याची का नाही, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

राहता राहिलं ते ‘माणसं दुसरं काम शोधतील’. हे वाक्य शिवडी-परळ-लालबागमध्ये बोलताना जरा जपून. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं यासाठी १९९१ मध्ये ५८ क्रमांकाचा नियम झाला आणि २००१ मध्ये तो मालकांच्या सोयीने बदलला. जमिनीचा विचार झाला, बांधकामाचा झाला. कामगाराने दुसरं काम शोधलं, बरोबर आहे : वॉचमन झाला, भाजी विकली, बायकोने खानावळ घातली, आणि म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरून तो वाट बघत राहिला. स्वान मिलपासून बंदरापर्यंत चालत गेलात तर आजही अशी घरं भेटतील. माणसं सगळीकडे सामावतात. कुठल्या पायरीवर सामावतात हा प्रश्न असतो.

रेवस-कारंजा पुलाचं काम सुरू झालं आहे. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलेला हा पूल या वेळी बहुधा होईल. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर त्याच्यामागून आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल यायचे आहेत, आणि या खाड्यांवर आज फेरीबोटी चालतात. दाभोळ-धोपावे तर २००३ पासून. पुलाच्या प्रकल्प अहवालात जमीन किती लागणार, कांदळवन किती तुटणार, याचे रकाने असतात. त्यात आणखी एक घाला. या खाडीवर किती सारंग, किती ड्रायव्हर, किती खलाशी काम करतात, पूल सुरू होईल त्या दिवशी त्यांची वयं काय असतील, आणि त्यांना कुठल्या धक्क्यावर, कुठल्या खात्यात, किती पगारावर घेणार. परवान्यांच्या नोंदी मेरीटाइम बोर्डाकडे आहेत, महिनाभराचं काम आहे. रेवस-कारंजापासून सुरुवात करता येईल. गर्डर पडायला अजून वेळ आहे.